श्रमदान सगळ्यांचं, पाणी मात्र विहिरीवाल्यांचं – तुमच्या गावात यावर काय तोडगा काढला?

माणदेशी_पोरगा

नमस्कार मंडळी, गाव माण तालुक्यातलं आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गावातले दोघंतिघं इथं वाचतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं जलसंधारणाचं जोरात काम झालं, डोंगराला सीसीटी म्हणजे सलग समतल चर मारले, ओढा खोल केला, जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढला. सगळ्यात जास्त माणसं कामाला आली ती वस्तीवरची, ज्यांना एकतर जमीनच नाही नाहीतर दहावीस गुंठे कोरडवाहू, आणि दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. बायका पोरं घेऊन यायच्या चर खांदायला.

पाणी वाढलं हे खरं आहे, नाकारत नाही. पण वाढलं कुठं तर ओढ्याच्या कडंनं ज्यांच्या विहिरी आहेत तिथं. आधी ज्वारी बाजरी करणारी लोकं आता ऊस आणि डाळिंब करतात, प्लास्टिकचा कागद टाकून शेततळी केलीत आणि दिवाळीनंतर विहिरीतनं मोटर लावून ती भरून घेतात. वस्तीवरचा हापसा मार्चमध्ये खोकायला लागतो आणि मग टँकर. म्हणजे टँकर वस्तीवर उभा आणि शेजारच्या रानात ड्रीप चालू असं चित्र आहे.

आता समितीनं दुसरा टप्पा काढलाय, डोंगरावर झाडं लावायची आणि तीन वर्षं पूर्ण चराईबंदी. वस्तीवाल्यांनी बैठकीत सरळ सांगितलं की येणार नाही. एक म्हातारं म्हणालं "चर आम्ही खांदायचं, पाणी तुमच्या उसानं प्यायचं, आन् आता आमच्या शेळ्याबी बांधून ठिवायच्या व्हय?" यावर समितीतले म्हणतात ह्यांना पर्यावरण कळत नाही. मला तर वाटतं त्यांनाच बरोबर कळलंय.

प्रश्न एवढाच की पाणी वाढलं तर ज्याला जमीन नाही त्यालाही त्यात वाटा, असा नियम कुठं बसवलाय का? आणि तो टिकला का? भाषणं नकोत, पुढच्या ग्रामसभेत बोलायचंय.

कऱ्हाकाठचा

नियम बसवलेला आहे आणि तोही आजचा नाही, आमच्या पुरंदरात. पाणी पंचायत हे नाव ऐकलं असशीलच. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे, पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनियर, इकडं फिरत होते तेव्हा त्यांनी बघितलं की हजारो लोक दुष्काळी कामावर खडी फोडतायत आणि त्या कामातनं गावाला पुढच्या वर्षी उपयोगी पडेल असं फार काही उभं राहत नाहीये. मग नायगावात देवस्थानाची चाळीसेक एकर पडीक जमीन भाड्यानं घेतली, उताराला आडव्या ताली (बांध) घातल्या, पाझर तलाव केला, खाली विहीर काढली, आणि आधी स्वतः करून दाखवलं.

पण तुझ्या कामाची गोष्ट पुढं आहे. पाणी द्यायचं ते जमिनीवर नाही, माणसावर. घरात माणसं किती ते मोजायचं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरावर नाही. म्हणजे वीस एकरवाल्याला पण अडीच आणि दोन एकरवाल्याच्या घरात चार माणसं असतील तर त्याची दोन्ही एकर भिजणार. ऊस लावायचा नाही, हा नियम सगळ्यात कडक. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जात नाही, ते परत गटाकडं. आणि भूमिहीनालाही हक्क, तो आपल्या वाट्याचं पाणी घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्यानं करू शकतो. पाणी सोडायला गटानं नेमलेला पाटकरी, कोणी आपलं आपण बारं फोडायचं नाही. योजनेच्या खर्चातला २० टक्के हिस्सा लोकांनी आधी भरायचा, निम्मं सरकारी अनुदान, उरलेलं साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठान या संस्थेचं बिनव्याजी.

टिकला का म्हणशील तर निम्मा टिकला निम्मा नाही. बऱ्याच उपसा योजना नंतर बंद पडल्या, वीजबिल, जळलेल्या मोटरी, पोरं पुण्याला. भूमिहीनांचा हक्क कागदावर पक्का होता पण प्रत्यक्षात वाट्यानं जमीन देणारा मालक भेटला तरच त्या पाण्याला अर्थ, नाहीतर नुसतंच पाणी घेऊन करणार काय. साळुंखे २००२ साली गेले. पण एक गोष्ट लक्षात घे, तिथं वाटप आधी ठरलं आणि पाईप नंतर पडला. तुमच्याकडं उलटं झालंय, आता ज्याच्या हातात मोटर आहे त्याच्याकडनं सोडवून घ्यायचंय. ते फार अवघड.

विहीरवाला_अण्णा

मी ओढ्याकडंचाच आहे, तुमच्या गावचा नाही पण परिस्थिती तीच. सगळे आम्हालाच झोडपतात म्हणून लिहितोय. विहीर काढायला सोसायटीचं कर्ज घेतलं ते मी, पाणी नाही लागलं तेव्हा हप्ते भरले ते पण मीच, तेव्हा कुणी वस्तीवरनं विचारायला आलं नव्हतं की अण्णा निम्मं आम्ही भरतो. ओढा खोल करताना पोकलेनच्या डिझेलला वर्गणी आम्हीच दिली. आणि ऊस का लावतो तर त्याचा एक ठरलेला भाव तरी आहे, ज्वारीचं काय होतं ते बाजार समितीत येऊन बघा. जमीन माझी, विहीर माझी, मग पाणी गावाचं कसं? पिण्याला पाणी द्यायला माझी कधीच ना नाही, हापसा आटला की माझ्याच विहिरीवर येतात सगळे आणि मी कुणाला नाही म्हणत नाही.

भूजलवेडा

अण्णा, तुमची बाजू समजते पण "विहीर माझी म्हणून पाणी माझं" हे जरा खडकाला विचारून बघा. आपल्याकडं सगळा काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि भेगांत, आणि तो थर काय सातबारा बघून थांबत नाही. डोंगरावर चर खांदले, तिथं मुरलं, ते उताराला सरकत सरकत तुमच्या विहिरीत निघालं. म्हणजे ते पाणी वस्तीवरच्या लोकांच्या घामाचं आहे हे नुसतं बोलायला नाही, पाण्याची वाटच तशी आहे. आणि तुमच्या विहिरीतनं दिवसरात्र उपसा झाला की शेजारचा हापसा आटणार, त्यात कुणाची लबाडी लागत नाही.

कायदा मात्र अण्णांच्या बाजूचा आहे हे मान्य करू. जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं ही समजूत १८८२ च्या इंग्रजांच्या काळातल्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलीय, ज्याला जमीनच नाही त्याचा भूजलावर हक्क कुठनं येणार. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर शेतीसाठी घेऊ नये असं आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नाही, हे तर १९९३ च्या कायद्यापासूनच आहे. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते, ते कोण मोजतंय म्हणा. पण मूळ पोस्टवाल्याला सांगतो, हापशापासून ५०० मीटरचा मुद्दा ग्रामसभेत जरूर काढ, तो हातात धरता येतो.

आणि ते कागदाचं शेततळं. ही योजना होती पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला, लोकं भरतात विहिरीतनं. म्हणजे जमिनीखाली झाकून ठेवलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, आणि खाली शेजाऱ्याच्या वाट्याचंही आपल्या कागदात ओढून घ्यायचं. माझा या प्रकारावर भयंकर राग आहे, विषय निघाला की मी थांबत नाही म्हणून इथंच थांबतो.

डोंगरची_सुमन

पाण्यावर सगळे बोलले, शेळ्यांवर कुणीच नाही, नेहमीचंच. मी संगमनेर-अकोले भागात बचतगटांचं काम करते. शेळ्या घरात कुणाच्या असतात? बाईच्या. बोकड विकून दवाखाना, पोरीची फी, दिवाळी. गाय-म्हैसवाल्याला चराईबंदीचा त्रास कमी कारण त्याच्या बांधावर चारा आहे, रानात कडबा आहे, उलट डोंगर राखला की कापायला गवत जास्त मिळतं. शेळीवालीला तेच डोंगर आणि ओढ्याकाठची बाभळ, दुसरं काय. म्हणजे चराईबंदी सगळ्यांना सारखी असं म्हणायचं आणि सोसायची मात्र एकानं. काही ठिकाणी बायकांनी शेळ्या पडत्या भावात विकून टाकल्या आणि पाणलोटाच्या अहवालात ते यश म्हणून लिहिलं गेलं, शेळ्या कमी झाल्या म्हणून!

करायचंच असेल तर पूर्ण डोंगर एकदम बंद करू नका. तीन तुकडे करा, एक बंद, दोन उघडे, गवत आणि रोपं धरली की पुढचा तुकडा. कुठला तुकडा आधी ते शेळीवाल्या बायकांना ठरवू द्या, त्यांना माहिती असतं कुठं काय उगवतं, समितीतल्या पुरुषांना नसतं. बंद तुकड्यातलं गवत विळ्यानं कापून न्यायची परवानगी, आणि पहिला हक्क भूमिहीन घरांना, लिलाव नाही. लिलाव केला की गवत डेअरीवाल्याकडं गेलंच म्हणून समजा. चरांच्या भरावावर स्टायलो हे चाऱ्याचं पीक पेरा, पाऊस कमी असला तरी येतं. आणि झाडं लावताना नुसती सरकारी रोपवाटिकेत मिळतील ती नको, बोर, बाभूळ, शेवरी असं शेळी खाईल ते पण लावा. राखणदार ठेवणार असाल तर वस्तीवरच्याच माणसाला पगारावर ठेवा, बाहेरचा ठेवला की पहिल्या आठवड्यात मारामारी.

बालाघाटी

आमच्या बीडकडं यापेक्षा वाईट चालतं म्हणून सावध करतो. तो डोंगर नक्की कुणाचा आहे ते आधी सातबाऱ्यावर बघा, वनखात्याचा का गायरान. गायरान असेल आणि त्यावर कुणी दलित, पारधी कुटुंब पिढ्यान्पिढ्या दोन एकर कसत असेल तर झाडं लावा मोहिमेत पहिला खड्डा त्याच्याच ज्वारीत पडतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय आहे, त्यासाठी मराठवाड्यात लोक किती वर्षं भांडलेत, तरी कितीतरी जणांच्या नावावर अजून जमीन चढलेली नाही. आणि पवनचक्की, सोलर आलं की त्याच गायरानाला लगेच मोजणीवाला मिळतो. झाडाला विरोध नाही ओ, खड्डा कुठं पडतो त्याला विरोध आहे.

येरळाकाठ

लहानसंच सांगतो, मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपात घरी आलेले कामगार आणि आमच्या खानापूर तालुक्यातले शेतकरी यांच्यातनं मुक्ती संघर्ष ही चळवळ उभी राहिली, आणि त्यांनी तांदूळवाडी-बलवडीजवळ येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं. पैसा कुठनं आणला तर नदीतली वाळू ठेकेदाराला उपसू न देता थोडी आपण विकून. पाणी सगळ्या घरांना, भूमिहीनांनाही, हे बांधायच्या आधी ठरलेलं. पुढं समन्यायी पाणीवाटपाची जी चळवळ आटपाडीपर्यंत गेली तिचं मूळ त्यात आहे. माण आमच्या शेजारी, एकदा येऊन जुन्या माणसांना भेट.

विहीरवाला_अण्णा

वाचलं सगळं. भूजलवेडा साहेबांचा मुद्दा पटला नाही असं नाही, पण उद्या माझ्या विहिरीवर गावानं मीटर बसवला तर मी काय गप बसणार नाही. हिवरे बाजारात ऊस-केळी बंद, शेतीला बोअर बंद, हे चालतं कारण तिथं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, पाऊस किती झाला आणि कुठली पिकं घ्यायची, आणि नियम सगळ्यांना एकच. आमच्याकडं उपसरपंचाचाच ऊस सगळ्यात मोठा. त्याचा आधी काढा, मग माझ्याकडं या, मी दुसऱ्या दिवशी डाळिंबावर येतो.

माणदेशी_पोरगा

अण्णा, तुमच्यासारखा एक जण आमच्या गावात असता तरी काम झालं असतं. उपसरपंचाचं आमच्याकडंही सेम आहे :)

सगळ्यांचं वाचून मी, वस्तीवरची दोन पोरं आणि एक विहिरीवाला चुलता असं बसलो. सगळ्या पाण्याचं माणशी वाटप आत्ता कुणी मान्य करणार नाही हे दिसतंय. म्हणून तीनच गोष्टी मागणार. दुसरा टप्पा सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही, ठराव करायचा की फेब्रुवारीनंतर विहिरीतनं शेततळं भरायचं नाही. हापशाच्या ५०० मीटरात नवी विहीर नाही. आणि ओढ्याकाठच्या तीन विहिरीवाल्यांनी (चुलता त्यातला एक, बाकी दोघं तयार होतायत) वस्तीवरच्या बायकांच्या गटाला दोन एकर वाट्यानं द्यायची, पाण्यासकट, गट चारा आणि भाजी करेल, त्यावर शेळ्या बांधून पोसता येतील आणि मग डोंगराचा एक तुकडा बंद करायला वस्ती तयार आहे. सुमनताईंचं तीन तुकड्यांचं बोलणं बायकांना लगेच पटलं, फक्त त्या म्हणाल्या पहिला तुकडा देवळामागचा घ्या, तिथं तसंही काही उरलेलं नाही.

आता अडलंय कशावर तर चुलता म्हणतो कागद नको, तोंडी बास. गट म्हणतो कागदाशिवाय एक पाटी शेण टाकणार नाही त्या रानात. साध्या कागदावर केलं तर चालतं का, आणि चुलत्याला भीती आहे की कुळ लागेल, म्हणजे कसणारा उद्या कुळकायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल.

कऱ्हाकाठचा

चुलत्याची भीती खोटी नाही, म्हणूनच कोण कुणाला वाट्यानं जमीन देत नाही. तलाठ्याच्या आधी एखाद्या वकिलाला दाखव. मुदत लिही, पीक कुठलं ते लिही, वाटा किती ते लिही, वीजबिल कोण भरणार हे तर पहिलंच लिही, आमच्या योजना त्यावरच मेल्या. स्टॅम्प आता शंभरचा चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. आणि पाण्याचं जे ठरलंय ते करारात नको नुसतं, ग्रामसभेच्या ठरावात घे आणि इतिवृत्तावर सह्या झाल्याशिवाय उठू नकोस. ग्रामसेवक "नंतर लिहून घेतो" म्हणेल.

डोंगरची_सुमन

आणि ग्रामसभा ऊसतोडीच्या टोळ्या गावात असताना घ्या. दिवाळीनंतर ठेवली तर वस्तीवर सही करायला माणूसच नसेल.