तंगुसाचा आणि गळाचा रंग माशाला दिसतो का? सल्ला हवा

खाडीवेडा: मंडळी, दाभोळ खाडीत धक्क्यावरून गरवतो. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) हिरवा, 0.50 मिमी, आमिष कोळंबी. शेंगाळे मासे भरपूर लागतात, तांबोशी मासा मात्र एकही नाही. शेजारच्या काकांना त्याच कोळंबीवर दोन मिळाल्या, त्यांचा तंगूस पांढरा पारदर्शक. दुकानात म्हणतात लाल गळ घ्या, माशाला रक्त वाटतं. खरंच रंगाने फरक पडतो का?

भरतीओहोटी: लाल गळावर पैसे घालू नका. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंगच शोषला जातो. स्वच्छ समुद्रातसुद्धा पाच-दहा मीटरखाली लाल वस्तू काळपट दिसते, आपली खाडी तर गढूळ. तिथे गाळ आणि शेवाळामुळे हिरवट-पिवळा उजेडच काय तो उरतो, म्हणजे तुमचा हिरवा तंगूस उलट बरा मिसळतो. मला शंका जाडीची आहे. शेंगाळा वासावर आणि मिशांवर येतो, त्याला दोर जाड की बारीक याचं काही नाही. तांबोशी दगडाआड दबा धरून डोळ्यांनी आमिष हेरते.

रापण७: वरच्याशी सहमत. सगळा तंगूस बदलायची गरज नाही, आमिषाजवळचा दीड-दोन हात बदला. तिथे फ्लुओरोकार्बन (नायलॉनऐवजी वेगळ्या प्लास्टिकचा तंगूस) बांधा. पाण्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचा आकडा) 1.33, फ्लुओरोकार्बनचा 1.42 च्या आसपास, नायलॉनचा 1.5 च्या वर. हा आकडा पाण्याच्या आकड्याच्या जितका जवळ तितका तंगूस कमी दिसतो. अगदी दिसेनासा होतो असं नाही, पण पाणी निवळ असेल तर फरक कळतो. गाठ थुंकी लावून ओली करा आणि मगच हळूहळू आवळा. कोरडी आवळली की घासून तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

मालवणची_ताई: गळाच्या रंगापेक्षा त्याचं टोक बघा हो. अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढा. रुतला तर ठीक, घसरला तर कानस मारा नाहीतर टाकून द्या. कोळंबी शेपटीकडून ओवा, तिच्या बाकाबरोबर गळ फिरवा, फक्त टोक बाहेर ठेवा. दांडा आत गेला की रंगाचा प्रश्नच मिटला. बांगड्यासाठी पिसं बांधलेल्या गळांची गोष्ट वेगळी, तिथे चमक हेच आमिष. आणि सुरमईला तर तारच लावावी लागते, दिसली तरी चालेल, नाहीतर तिचे दात तंगूस कापतात.

खाडीवेडा: सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन काठ्या शेजारी लावल्या, कोळंबी एकाच वाट्यातली. एकीला जुना तंगूस तसाच, दुसरीला पुढे 0.35 चा फ्लुओरोकार्बन. जुन्यावर तीन शेंगाळे. नव्यावर भरती लागताना अर्ध्या किलोची तांबोशी! हात अजून थरथरतोय. तासाभराने दुसरी लागली, पण दगडात शिरली आणि तंगूस घासून तुटला. ओढून पाहिला तर शेवटचा वीतभर भाग कानशीने घासल्यासारखा खरबरीत झाला होता.

भरतीओहोटी: एका दिवसावरून पक्कं सांगता येत नाही, अजून चार-पाच भरत्या करून बघा. दगडात 0.35 टिकणार नाही, 0.45 घ्या. लागल्याबरोबर पहिले दोन-तीन हात ढिलाई न देता ओढा, तिला घरात शिरू देऊ नका. आणि प्रत्येक माशानंतर तो वीतभर भाग बोटांनी चाचपा, खरखर लागली की कापून नवी गाठ.

खाडीवेडा: 0.45 आणतो. पुढच्या उधाणाला काठ्यांच्या जागा अदलाबदल करतो, आणि आकडे इथेच लिहितो.