दुसा (दोन दाती) खोंड खच्ची करायचाय, कालवडीची शिंगं जाळायचीत. त्रास कमी कसा होईल?

आटपाडीचा गडी
घरच्या खिलार गाईचा खोंड दुसा झालाय. अंगात रग आलीय, दावणीला थांबत नाही, औताला शिकवायचाय. शिवाय वीस दिवसांची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) कालवड आहे. अण्णा म्हणतात, बडवणाऱ्याला, म्हणजे अंडं ठेचून खच्ची करणाऱ्याला, बोलवू, पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलंय. मी सातवीत असताना आमच्या सर्जाला तसंच बडवलं होतं. चारी पाय बांधून आडवा पाडला होता. ओरडून ओरडून आवाज बसला, शेवटी घशातून नुसता वारा यायचा. तोंडाचा फेस आणि माती एक झाली होती. आठ दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. पुन्हा ते माझ्या दारात नको. खिलारच्या शिंगांना मी हात लावणार नाही, पण कालवडीचं काय करू?

गोठ्यातला डॉक्टर
बडवणं नकोच. बर्डिझो चिमट्यानं कातडी न फाटता वृषणाकडं जाणारी आतली नाडी चेपते. दोन्ही बाजूंना वेगवेगळा लावायचा, एका रेषेत नाही, नाहीतर खालचा भाग सडतो. पण रक्त आलं नाही म्हणजे दुखलं नाही, असं मुळीच नाही. आमच्यातलेही काहीजण हे विसरतात. म्हणून आधी भूल आणि मेलोक्झिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध मागा, संकोच करू नका. डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली. कुणी देऊ लागलं तर नको म्हणा. लहानपणीच केलं असतं तर त्रास कमी झाला असता. वशिंड आणि मान भरायला तुम्ही थांबता, तेही कळतं.

कालवडीचं वय अगदी बरोबर आहे. साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाची कळी कातडीत सुटी असते, पुढं ती कवटीला धरते. मग शिंग वाढल्यावर कापलं की कपाळातल्या पोकळीपर्यंत भोक पडतं. डोळा आणि कळी यांच्यामधल्या हाडाच्या कडेखाली लिग्नोकेन हे भुलीचं औषध देतात. दहा मिनिटं थांबायचं, कळीभोवती सुई टोचून बघायची. मान झटकली तर अजून थांबायचं. तापलेली सळई त्यानंतरच.

संगमनेरची गोठेवाली
कळी जाळणारी कॉस्टिकची (तीव्र क्षाराची) कांडी लावू नका, दादा. आमच्याकडं लावली आणि रात्री पाऊस आला. पाणी ओघळून वासराच्या डोळ्यात गेलं. डोळा वाचला, पण पांढरा डाग अजून आहे. रोज धार काढताना दिसतो.

आटपाडीचा गडी
काल डॉक्टर येऊन गेले. कालवडीची पहिली सुई टोचली तेव्हा मान हलली, म्हणून अजून पाच मिनिटं थांबलो. दुसऱ्यांदा ती निवांत उभी होती. अण्णा तिच्या गळ्याखाली हात घालून उभे होते. तासाभरात आईला लुचायला लागली. खोंडाला सूज आहे, चालताना पाय फाकवतो, पण संध्याकाळी कडबा खाल्ला. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे जू नको. अण्णांनी जू माळ्यावर टाकलंय.