महापेतला एसक्यूएल सर्व्हर तसाच ठेवून पॉवर बीआय: रात्रीचा रिफ्रेश पडतो

महापे_ईआरपी
ईआरपीचा डेटा कारखान्यातल्याच एसक्यूएल सर्व्हरवर आहे, तो बाहेर न्यायचा नाही. रिपोर्ट पॉवर बीआय सर्व्हिसवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन रिपोर्ट सेवा) हवेत, लायसन्स प्रो. गेटवे, म्हणजे इथला डेटा त्या सेवेपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, अकाउंट्सच्या पीसीवर आहे. विक्रीच्या टेबलात 3 कोटी ओळी. रिफ्रेश (रिपोर्टमध्ये ताजा डेटा भरणं) कधी 'गेटवे ऑफलाइन' म्हणून पडतो, कधी दोन तास चालून तुटतो. फायरवॉलवाले आत येणारं पोर्ट उघडत नाहीत. सगळं अझ्युअरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, न्यायचं का?

वागळे_नेटवर्क
अजिबात नको. आत येणारं पोर्ट लागतच नाही, गेटवे स्वतः आतून बाहेर जोडणी करतो. बाहेर जाणारं 443 मोकळं ठेवा, गेटवे ॲपच्या नेटवर्क टॅबमध्ये एचटीटीपीएस मोड चालू आहे ना बघा आणि डायग्नॉस्टिक्समधून पोर्ट टेस्ट चालवा.
खरी अडचण तो पीसी. संध्याकाळी कोणी बटण बंद केलं किंवा मशीन स्लीपला गेलं की गेटवे गेला. स्टँडर्ड मोडचा गेटवे कायम चालू राहणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर टाका: 8 कोर, 8 जीबी रॅम, एसएसडी. एसएसडी यासाठी, की येणारा डेटा आधी डिस्कवर साठतो. डोमेन कंट्रोलरवर टाकू नका. यूपीएसवर सर्व्हरबरोबर स्विचही घ्या, तो हमखास राहतो. रिकव्हरी की (गेटवे बसवताना ठरवलेला पासवर्ड) कागदावर लिहून तिजोरीत ठेवा; ती नसेल तर गेटवे दुसऱ्या मशीनवर हलवता येत नाही.

घणसोली_डेटा
दोन तास ही प्रोची मर्यादाच आहे. इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावा, म्हणजे दर वेळी फक्त अलीकडचा डेटा ओढला जाईल. त्यासाठी कालावधीची सुरुवात आणि शेवट सांगणारे रेंजस्टार्ट आणि रेंजएंड हे पॅरामीटर 'डेट/टाइम' प्रकारचेच हवेत. फिल्टरमध्ये एका टोकाला >=, दुसऱ्याला फक्त <. दोन्हीकडे बरोबरचं चिन्ह दिलं तर सीमेवरच्या ओळी दोनदा मोजल्या जातात आणि विक्री फुगते. बिलाच्या तारखेवर इंडेक्स हवाच.
पहिला रिफ्रेश मात्र सगळा इतिहास ओढतो, म्हणून तोच दोन तासांत बसवावा लागतो. एसक्यूएलमध्ये व्ह्यू करून नको ते कॉलम काढा, जुनी वर्षं महिनावार बेरजेत आणा. मॉडेलही 1 जीबीत राहायला हवं.
सर्व्हिसवर आजची तारीख देणारं टुडे() फंक्शन यूटीसीने (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) चालतं; पहाटे 5:30 पर्यंत 'आज' म्हणजे कालची तारीख. यूटीसीनाऊ()मध्ये 5.5/24 मिळवा.

महापे_ईआरपी
पोर्ट टेस्ट पास झाली. पण फिल्टरच्या स्टेपवर 'व्ह्यू नेटिव्ह क्वेरी' (सर्व्हरला जाणारी एसक्यूएल दाखवणारा पर्याय) पुसट दिसतंय. त्याआधी एरियांची एक्सेल यादी मर्ज केली आहे.

घणसोली_डेटा
तिथेच फोल्डिंग, म्हणजे गाळण्याचं काम एसक्यूएल सर्व्हरकडूनच करून घेणं, तुटलं. एक्सेलशी मर्ज एसक्यूएल करू शकत नाही, म्हणून 3 कोटी ओळी गेटवेवर येऊन मग गाळल्या जातात. मर्ज काढून टाका, यादी वेगळं टेबल म्हणून आणा आणि मॉडेलमध्ये एरिया कोडवर नातं जोडा. एक्सेल फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर गेटवेवर तिचा वेगळा डेटा सोर्स नोंदवा, डेस्कटॉपमध्ये आहे तोच पाथ देऊन.