‘किंड्रेड’मध्ये यंत्र का नाही?

एका वाचकांनी विचारलंय की कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ या कादंबरीची नायिका डाना भूतकाळात कशी जाते हे लेखिका सांगतच नाही, मग ही विज्ञानकथा कशी? शंका रास्त आहे. खुद्द बटलरही या कादंबरीला विज्ञानकथा म्हणत नसत. पण ती कुठून आली हे पाहिलं, की तिच्यात कालप्रवासाचं यंत्र का नाही ते कळतं.

बटलर यांचा जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचा. वडील लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची, मागच्या दारानं आत जायची, अपमान गिळायची. लहानग्या ऑक्टेव्हियाला त्याचा राग यायचा. पुढे कॉलेजात एक कृष्णवर्णीय मुलगा आधीच्या पिढीच्या लाचारीवर तावातावानं बोलला. तोवर बटलर यांना उमगलं होतं की आईनं ते सोसलं म्हणूनच आपण जगलो. म्हणून कादंबरीत १९७६ मधली कृष्णवर्णीय तरुणी डाना गुलामगिरीच्या काळातल्या, अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात जाऊन पडते. आता तिथं जगून दाखव! यंत्र असतं तर परतीची कळ तिच्या हातात राहिली असती, आणि गुलामाच्या हातात काहीच नसतं.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, असूनही त्या लिहीत राहिल्या. रात्री दोनला उठून लिहायचं, मग भांडी घासण्यापासून बटाट्याचे वेफर्स तपासण्यापर्यंत मिळेल ते काम. मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान १९९५ मध्ये मिळाला, विज्ञानकथा लेखकाला पहिल्यांदाच. २००६ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी त्या गेल्या, याची हळहळ मला अजून वाटते.

विज्ञानकथाच हवी असेल तर त्यांची ‘ब्लडचाइल्ड’ ही कथा वाचा. परग्रहावर एक मुलगा दुसऱ्या जीवाची अंडी पोटात वाढवायला तयार होतो. त्यात भीती आणि माया एकत्र आहेत.