कावाची बाटली कोणती घेऊ? अर्जंट!

मृण्मयी_के
मदत हवी आहे, प्लीज लवकर सांगा. कावा घ्यायचीये, ती बुडबुड्यांची स्पॅनिश वाइन, एकच बाटली, रविवारी एकांकडे जेवायला जायचंय तिथे न्यायला. वाइनमधलं मला शून्य कळतं. समोर भिंतभर बाटल्या आहेत, ब्रूट, ब्रूट नेचर, सेमी सेको, रेझेर्वा, ग्रान रेझेर्वा, भाव चार युरोपासून पंचवीसपर्यंत. काउंटरवरचा मुलगा नुसता हसतोय. कोणती उचलू??

तिरकस_तात्या
गनिमी की साधा?

सोलकढी
तात्या, हा विनोद कुणीतरी करणारच होतं, तुम्ही उरकून टाकलात ते बरं झालं. मृण्मयी, बजेट किती? गोड आवडते का त्यांना? जेवायला काय आहे? आणि मुळात तू आहेस कुठे, युरो म्हणतेस म्हणून विचारते.

नाशिककर_६९
स्पॅनिश कशाला, आपल्या दिंडोरीत शांदों नावाची अशीच वाइन बनते, त्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून. चेनिन ब्लां, शार्दोने, पिनो न्वार. एकदा पिऊन बघा मग बोला.

मृण्मयी_के
अहो मी बार्सिलोनात आहे, दिंडोरीची कुठून आणू आत्ता! बजेट वीसपर्यंत. गोड आवडतं का ते माहीत नाही. जेवायला ते कांदे भाजणार आहेत अंगणात.

परदेशी_पाहुणा
प्रोसेको घे. स्वस्त, फळांचा छान वास, कुणालाही आवडते. आम्ही मिलानला होतो तेव्हा दर शुक्रवारी हेच.

बुडबुडा
पाहुणेराव, बार्सिलोनात कुणाच्या घरी इटालियन प्रोसेको घेऊन जायची म्हणजे धाडसच. आणि दोन्ही एक नाहीत. प्रोसेकोत दुसरं आंबवणं बहुतेक वेळा मोठ्या टाकीत होतं, द्राक्ष ग्लेरा. कावात प्रत्येक बाटलीत वेगळं होतं, शॅम्पेनसारखं, मग बाटली हळूहळू उलटी करत मेलेल्या यीस्टचा गाळ मानेशी आणायचा, मान गोठवायची आणि तो गाळ उडवून टाकायचा. द्राक्षं मुख्यतः तीन, माकाबेओ, शारेल्लो, पारेयादा. १८७२ मध्ये बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागात, सान सादुर्नी गावी, कोदोर्नीऊ वाइनरीच्या जोसेप राव्हेंतोसने पहिली बनवली. पुढे फायलोक्सेरा किडीने पेनेदेसचे द्राक्षमळे साफ केले, मग नव्या लागवडीत पांढरी द्राक्षं आली आणि या धंद्याला जोर चढला. आजही बहुतेक कावा त्याच भागातली, थोडी स्पेनमधल्याच रेकेना, अल्मेन्द्रालेहो वगैरेकडची.

मृण्मयी_के
बुडबुडा, इतिहास नंतर वाचते हो. उचलू कोणती?

सोलकढी
मी सांगते. लेबलवर दोनच गोष्टी बघ, साखर आणि महिने. सोनेरी कागद, मेडल, जड बाटली सोडून दे. ब्रूट नेचर म्हणजे लिटरला ३ ग्रॅमच्या आत साखर आणि वरून काही घातलेली नाही, ब्रूटमध्ये १२ पर्यंत, सेको १७ ते ३२, सेमी सेको ३२ ते ५०. म्हणजे सेको बघून कोरडी असेल असं वाटतं पण ती ब्रूटपेक्षा चांगलीच गोड निघते, नवीन माणूस हमखास इथेच फसतो. आता महिने. साधी कावा गाळावर निदान ९ महिने, रेझेर्वा १८, ग्रान रेझेर्वा ३०. जितकी जास्त पडून राहते तितका भाजलेल्या पावासारखा, बदामासारखा वास येतो. भाजलेल्या कांद्यांबरोबर गोड अजिबात नको. ब्रूट नेचर रेझेर्वा घे, दहा-बारा युरोत चांगली मिळते.

नाशिककर_६९
कांदे भाजणार म्हणजे? नुसते कांदे? आमच्या लासलगावला या, दाखवतो.

काताल_काकू
नुसते कांदे नाहीत हो, काल्सोत. लांब दांड्याचे, पातीच्या कांद्याचे थोरले भाऊ. वाय्स गावाकडचे प्रसिद्ध, हिवाळाभर चालतात. जाळावर बाहेरून कोळसा होईपर्यंत भाजायचे, वरचं काळं साल ओढून काढायचं, बदाम-टोमॅटोच्या सॉसमध्ये बुडवायचा आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचा. गळ्यात फडकं बांधतात. मृण्मयी, चांगले कपडे घालून जाऊ नकोस.

बुडबुडा
सोलकढीशी सहमत, पण ३० महिन्यांची घेऊन जा, पाहुणीने कंजूषपणा करू नये. ग्रान रेझेर्वा फक्त ब्रूट नेचर, एक्स्ट्रा ब्रूट आणि ब्रूटमध्येच असते, त्यामुळे गोड निघायची भीती नाही.

सोलकढी
बुडबुडा, कांद्याच्या धुरात ग्रान रेझेर्वाचा वास कोणाला येणार आहे? तरुण आंबटसर वाइनच तिथे चालते. पैसे वाया.

मृण्मयी_के
भांडू नका. एक विचारायचं राहिलं, एका बाटलीवर कावा लिहिलेलंच नाहीये, कोर्पिन्नात असं काहीतरी आहे, तशाच बुडबुड्याची, शेजारीच ठेवलीये. ही बनावट का?

काताल_काकू
अगं बनावट नाही, उलट कडक नियमांची! २०१९ मध्ये ग्रामोना, रेकारेदो, ल्योपार्त अशा सहा घराण्यांनी कावाचा शिक्काच सोडला. त्यांचं म्हणणं, कावाच्या नावाखाली स्वस्तातला माल फार झाला. त्यांच्यात द्राक्षं सेंद्रिय, हाताने तोडलेली, पेनेदेसचीच, आणि निदान १८ महिने गाळावर. राव्हेंतोस इ ब्लांक तर २०१२ मध्येच बाहेर पडले होते. मला विचारशील तर हीच घे. पण हे लोक राहतात कुठे गं, बार्सिलोनातच?

मृण्मयी_के
नाही, विलाफ्रांका. ऑफिसातल्या मैत्रिणीचे आईवडील. वडील आता रिटायर आहेत, द्राक्षवाल्यांच्या सहकारी संस्थेत होते म्हणे.

तिरकस_तात्या
आणि हे आत्ता सांगतेस! पेनेदेसच्या राजधानीत, द्राक्षवाल्याच्या घरी, कावा? नागपूरला संत्री घेऊन निघालीयेस बाई.

परदेशी_पाहुणा
म्हणूनच म्हणत होतो प्रोसेको.

काताल_काकू
पाहुणेराव, पुरे. मृण्मयी, घाबरू नकोस, न्यायची तर ब्रूट नेचरच ने, तिकडच्या लोकांना तीच आवडते. कोर्पिन्नात मात्र राहू दे, ते संस्थेत होते म्हणतेस, या फुटीबद्दल त्यांचं मत काय असेल कोण जाणे, जेवणाच्या टेबलावर तो विषय नको. बरोबर घरचं काहीतरी ने. चकल्या असतील तर उत्तम, कोरड्या वाइनबरोबर खारट तळलेलं झकास लागतं.

मृण्मयी_के
घेतली. ब्रूट नेचर ग्रान रेझेर्वा, १६ युरो. बुचाचा तळ कसा असतो ते इथे एका चित्रात दाखवलंय, चार टोकांची चांदणी, ती कावाचीच खूण असं मुलगा म्हणाला, तेवढं त्याला माहीत होतं. चकल्या नाहीत, आईने पाठवलेली भाजणी आहे, शनिवारी करते. बाटली फ्रीजमध्ये ठेवू ना? आणि उघडायला सांगितलं तर?

सोलकढी
शेवटी ग्रान रेझेर्वाच, बरं. फ्रीजमध्ये ठेव, ६ ते ८ डिग्री, फ्रीजरमध्ये नको. उघडताना तारेची जाळी सैल करायची पण अंगठा बुचावरून काढायचा नाही, आत पाच-सहा अॅटमॉस्फिअरचं प्रेशर असतं. बाटली तिरकी धर, बूच घट्ट पकड आणि बाटली फिरव, बूच फिरवू नकोस. फुस्स एवढाच आवाज यायला हवा.

मृण्मयी_के
थँक्यू सगळ्यांना. बिलाच्या रांगेत आहे.

नाशिककर_६९
काकू, ते काल्सोत आपल्या मातीत लागतील का? बी मिळतं का कुठे?

काताल_काकू
बी म्हणजे आधी साधा पांढरा कांदाच हो. तो वाढवायचा, उपटायचा, परत लावायचा आणि कोंब वर येतील तशी माती चढवत जायची, म्हणून दांडा पांढरा नि लांब होतो. आपल्याकडच्या उन्हात कसं होईल देव जाणे, थंडीत एक वाफा करून बघा.