चर्चा: वॉर्ड ऑफिसातल्या माणसाला एका कामासाठी एकच चालू सूचनापत्र मिळायला हवं

वाडीकर
भाचीच्या मुलाची जन्मनोंद राहून गेली होती. महिना उलटल्यावर बडोद्यातल्या एका वॉर्ड ऑफिसात गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी नोटरीचं सोगंदनामं, म्हणजे प्रतिज्ञापत्र, मागितलं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. ३० दिवसांनंतर पण वर्षाच्या आत नोंद करायची तर आता सोगंदनाम्याऐवजी स्वतःच्या सहीने साक्षांकित केलेला कागद द्यायचा असतो. लेखी परवानगी आणि विलंब शुल्क मात्र अजून लागतंच.

बाईंना मी दोष देत नाही. टेबलाच्या काचेखाली जुन्या यादीची पिवळी पडलेली झेरॉक्स होती, कडेला पेनाने दोन फोन नंबर. त्या जे समोर आहे तेच सांगणार. माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक कामाचं एक पानी सूचनापत्र असावं. कोणते कागद, किती शुल्क, कोणाची सही, कधीपासून लागू. आणि ते सगळ्या वॉर्डांत अक्षरशः एकच असावं.

निवृत्त हेडक्लार्क, रावपुरा
वाडीकर, भावना पटते, उपाय पटत नाही. माझी हयात परिपत्रकांत गेली. सोपं करून लिहिणारा पहिल्यांदा अटच गाळतो. मूळ आदेशात 'आणि' होतं की 'किंवा', यावर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघतो आणि उत्तर क्लार्कला द्यावं लागतं. तेव्हा "सूचनापत्रात असं होतं" हे कोणी ऐकून घेत नाही. कर्मचाऱ्याने मूळ आदेशच वाचावा.

वाडीकर
काका, मूळ आदेश फाइलीत राहीलच. पानावरच्या प्रत्येक ओळीपुढे कलम आणि आदेशाची तारीख लिहायची. शंका आली की तेवढंच कलम उघडायचं. आज खिडकीवर रांग असताना चार परिपत्रकं पुढ्यात घेऊन कोणतं चालू आणि कोणतं बाद हे ठरवायचं काम सगळ्यांत कमी पगाराच्या माणसावर येऊन पडतं. हे मला अजिबात मान्य नाही.

मांजलपूरची मी
माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख). कर्मचारी ज्या नियम, सूचना आणि नियमपुस्तिकांवर काम करतात त्या कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायच्या आणि दरवर्षी अद्ययावत करायच्या. म्हणजे वाडीकर मागतात त्याचा पाया कायद्यात आहेच.

सयाजीगंज
माझा विरोध वेगळ्या कारणाने. कागद कितीही चांगला लिहा, खिडकीवर माणसंच अपुरी असतील तर तो वाचायला वेळ कोणाला? आधी भरती करा.

मांजलपूरची मी
माणसं कमी आहेत म्हणूनच तर. दुसऱ्या विभागातून कालच बदलून आलेल्याला शेजारच्याला विचारल्यावाचून काम करता यायला हवं. आणि पुराच्या वेळी काय? विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली. अशा रात्री "आवश्यक ती कार्यवाही तात्काळ करावी" हे वाक्य घेऊन वॉर्डातला माणूस काय करणार? काळा घोड्याच्या पुलापाशी पाणी किती फूट झालं की कोणी कोणाला फोन करायचा, कोणती शाळा उघडायची, किल्ली कोणाकडे, हे लिहिलेलं हवं. भरती होईपर्यंत नदी थांबत नाही.

दांडियाबाजारकर
याच शहरात सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ साली आठ भाषांतला 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' छापला होता, राज्यकारभारात एका गोष्टीला एकच शब्द असावा म्हणून. आणि आज एकाच अर्जाची कागदांची यादी दोन ऑफिसांत वेगळी निघते, याचं खरंच वाईट वाटतं.

निवृत्त हेडक्लार्क, रावपुरा
पुराचं मान्य. तिथे मोघम भाषा नकोच, जीव जातो. पण नोंदणी, घरपट्टी, परवाने इथे माझी हरकत कायम आहे. खरी अडचण कोणी बोललंच नाही. नवं परिपत्रक निघतं तेव्हा "अमुक तारखेचं पत्र रद्द" असं त्यात क्वचितच असतं. तसं लिहिलं तर जबाबदारी येते, म्हणून साहेब टाळतात. मग तुमच्या त्या एका पानावर चालू काय आणि बाद काय, हे ठरवून सही कोण करणार?

वाडीकर
खातेप्रमुखाने. नावानिशी, तारखेनिशी. आणि ऑडिटने आधी त्या सहीला विचारावं, खिडकीवरच्या बाईंना नंतर.

निवृत्त हेडक्लार्क, रावपुरा
अशी सही मिळवून दाखवा, मग मी पहिलं पान स्वतः लिहून देतो. कलमांसकट.