पेनसिल्व्हेनियात जुलैमध्ये चार दिवस: वाफेची आगगाडी, अम्युझमेंट पार्क आणि सोबत आजी-आजोबा

मुक्ता_एडिसन

नमस्कार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांची सहल आखते आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आमच्याच सात सीटच्या गाडीने निघू. माणसं सहा: आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची (उंची ४ फूट ८ इंच), मुलगा ५ वर्षांचा (३ फूट ५ इंच) आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सासरे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यांना चालू वाफेचं इंजिन जवळून बघायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलीला मोठे रोलर कोस्टर हवेत.

यादीत सध्या आहे ते असं: स्ट्रासबर्गची वाफेची गाडी आणि तीन अम्युझमेंट पार्क: डच वंडरलँड, हर्शीपार्क आणि कनोबल्स. चारही जमतील का? कुठला वार कुठे ठेवू? आधी काय बुक करू? आणि सगळे शाकाहारी आहोत, पार्कात खाण्याचं काय करायचं?

---

रूळवेडा

आधी गाडीचं तिकीट काढा, मग बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. पार्क सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं, तासभर उशीर झाला तरी बिघडत नाही. गाडीची वेळ मात्र तिकिटावर छापलेली असते, आणि जुलैत उघड्या डब्यातल्या जागा आधी संपतात.

स्ट्रासबर्ग रेल रोडची सनद १८३२ ची. मार्ग फक्त साडेचार मैलांचा, स्ट्रासबर्ग ते पॅरडाइजजवळचं लीमन प्लेस. जाऊन-येऊन साधारण पाऊण तास लागतो. एवढासा प्रवास म्हणून कमी लेखू नका, बघण्यासारखं बरंच दोन्ही टोकांना आहे. लीमन प्लेसला इंजिन गाडीपासून सुटतं, शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला येतं आणि पुन्हा जोडलं जातं. तिथे गोल फिरवायची सोय नाही, त्यामुळे एका दिशेला इंजिन उलटं धावतं. हे चालू असताना सासऱ्यांना खिडकीजवळ बसवा. शेजारूनच ॲमट्रॅकची (इथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे) विजेवरची मुख्य लाइन जाते, नशिबात असेल तर त्याच वेळी एखादी वेगवान गाडी बाजूने जाते.

इंजिनांपैकी ४७५ नंबरचं १९०६ चं आणि ९० नंबरचं १९२४ चं, दोन्ही फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातली. सासऱ्यांना आवर्जून सांगा, आपल्याकडच्या डब्ल्यूपी वर्गाची (प्रवासी गाड्या ओढणारी) पहिली १६ वाफेची इंजिनं १९४७ मध्ये बाल्डविननेच बनवून पाठवली होती. ९० नंबरला वाफेच्या जोराने फिरणारी दहा चाकं आहेत. कोलोरॅडोत साखर कारखान्यांसाठी बीटाच्या मालगाड्या ओढण्याचं काम ते करायचं. फलाटावर उभं राहून त्याचे दांडे फिरताना बघणं हा डब्यात बसण्याइतकाच मोठा भाग आहे, म्हणून सुटण्याच्या अर्धा तास आधी पोचा.

कुठल्या दिवशी कुठलं इंजिन चालेल हे गृहीत धरू नका. इथल्या रेल्वे नियमांनुसार वाफेच्या इंजिनाचा बॉयलर १४७२ कामाचे दिवस किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा पूर्ण उघडून तपासावा लागतो. शिवाय दर ३१ कामाच्या दिवसांनी छोटी तपासणी असते. एखादं ठरावीक इंजिनच हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करा.

डब्यांबद्दल. उघडा डबा मुलांना आवडतो, पण इंजिन वाफेचं आहे. चढावर जोर लावताना धुराड्यातून बारीक जळके कण उडू शकतात. मुलांना साधा गॉगल घाला, पांढरे कपडे नकोत. डोळ्यात कण गेला तर चोळू देऊ नका, बाटलीच्या पाण्याने धुवा. सासूबाईंसाठी बंद डबा बरा. साध्या डब्यात खिडक्या उघड्या असतात आणि उकडतं, तेव्हा तिकीट काढताना वरच्या वर्गात एसी आहे का ते बघून घ्या. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत. चढायला मदत लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा, ऐन वेळी धावपळ होते.

समोरच रस्त्यापलीकडे पेनसिल्व्हेनिया रेल्वे म्युझियम आहे (१९७५ पासून). मोठ्या शेडमध्ये इंजिनं ओळीने उभी आहेत, काही डबे आत जाऊन बघता येतात. सासऱ्यांना इथे तीन तासही कमी पडतील. पाच वर्षांचा मुलगा तासाभरात कंटाळेल, तेव्हा त्याला परत स्ट्रासबर्ग स्टेशनात आणा. तिथे १५ इंच गेजची (रुळांमधलं अंतर) छोटी वाफेची गाडी आणि हाताने चालवायच्या गाड्या आहेत.

गाडीत बसून इंजिन चालताना दिसत नाही. ते बघायला आणि फोटोला एस्बेनशेड रोडच्या क्रॉसिंगला जा. दोन्ही बाजूंना शेती आहे, तिच्यात पाय टाकू नका.

---

कोस्टरकाका

पार्कांचं मी सांगतो. तुमच्या घरात उंचीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

हर्शीपार्क प्रत्येकाला चॉकलेट-गोळ्यांच्या नावाच्या गटात टाकतं: ३६ इंचांखाली मिनिएचर्स, ३६ ते ४२ किसेस, ४२ ते ४८ रीसेस, ४८ ते ५४ हर्शीज, ५४ ते ६० ट्विझलर्स, त्यावर जॉली रँचर. तुमची मुलगी ५६ इंच, म्हणजे ट्विझलर्स. कँडीमोनियम (२०२०, उंची २१० फूट) आणि स्कायरश (२०१२, २०० फूट) हे दोन्ही कोस्टर तिला खुले. मुलगा ४१ इंच, म्हणजे किसेस. एका इंचाने त्याचा रीसेस गट हुकतो, आणि कर्मचारी या बाबतीत तडजोड करत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण सीटचा पट्टा आणि आडवा दांडा त्याच मापाने बसवलेला असतो. हे त्याला घरीच सांगा. रांगेत तासभर उभं राहून मग नकार मिळाला की पुढचा अर्धा दिवस जातो. आत शिरताच मोजून मनगटाला पट्टी बांधून घ्या.

मुलगी वर, मुलगा खाली अशी विभागणी होणार. मोठ्या राइडच्या दारात पालकांच्या अदलाबदलीची सोय विचारा: एक जण मुलीबरोबर जातो, दुसरा मुलाला घेऊन थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

जुलैत पेनसिल्व्हेनियात दुपारी तीननंतर गडगडाटी पाऊस नेहमीचा. जवळ वीज चमकली की उंच राइड आणि वॉटर पार्क दोन्ही बंद करतात, आणि पावसासाठी पैसे परत मिळतील हे धरून चालू नका. म्हणून उघडताक्षणी मोठे कोस्टर उरकायचे, दुपारी बोर्डवॉक हा वॉटर पार्क (तिकिटातच आहे) आणि पाऊस आला तर छताखालच्या गोष्टी. गर्दी दारापाशी साचते. पहिला तास पार्काच्या मागच्या बाजूला घालवा, रांगेतला फरक लगेच दिसतो.

तिकीट घेताना ‘प्रिव्ह्यू’ची सोय तुमच्या तारखेला आहे का पाहा. असली तर आदल्या संध्याकाळी शेवटचे काही तास त्याच तिकिटावर आत जाता येतं. ऊन उतरलेलं असतं, आजी-आजोबाही येऊ शकतात. १९१९ चं कॅरोसेल (लाकडी घोड्यांचा गोल पाळणा) आणि १९४६ चा लाकडी कोस्टर कॉमेट बाहेरून बघायलाही सुंदर आहेत. झू-अमेरिका हे लहान प्राणिसंग्रहालय पार्काच्या तिकिटातच येतं, सावली भरपूर.

डच वंडरलँड १९६३ चं, खास लहान मुलांचं. तुमचा मुलगा तिथे राजा, पण मुलगी दोन तासांत वैतागेल. हर्शी आणि कनोबल्स दोन्ही ठेवणार असाल तर डच वंडरलँड वगळा. किसेस गटासाठी हर्शीत पुरेशा राइड आहेत.

कनोबल्स मात्र कापू नका. एल्सबर्गच्या जंगलात १९२६ पासून आहे. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, पैसे फक्त राइडचे. आजी-आजोबा झाडाखाली बाकावर बसले तर त्यांचा खर्च शून्य, आणि हर्शीच्या तिकिटाचे दर बघितल्यावर सहा माणसांच्या घराला हा फरक जाणवतो. फीनिक्स हा लाकडी कोस्टर १९४७ मध्ये टेक्सासात सॅन अँटोनियोला उभा राहिला, तो उतरवून इथे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू केला. माझ्या मते लाकडी कोस्टरमध्ये याच्या तोडीचे फार थोडे. सीटवरून उचललं जाण्याची जी भावना हवी असते ती इथे शेवटच्या डब्यात सर्वाधिक. १९१३ च्या ग्रँड कॅरोसेलवर बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसलात तर फिरता फिरता कड्या ओढता येतात. बहुतेक लोखंडी, पितळेची मिळाली तर पुढची फेरी फुकट. मुलीला बाहेरच्या घोड्यावर बसवा.

---

लँकेस्टरची_शेजारीण

वारांबद्दल लिहिते, कारण रूळवेडा आणि काका दोघांनीही ते सोडलंय. लँकेस्टर भागात (स्ट्रासबर्ग त्यातच येतं) रविवार ठेवू नका. आमिश लोकांची (मोटारी न वापरणारा जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ) दुकानं, शेतावरचे ठेले, किचन केटल व्हिलेज ही दुकानांची वसाहत, सगळं बंद असतं. लँकेस्टर शहरातलं सेंट्रल मार्केट फक्त मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतं. म्हणून सोमवारी निघून गुरुवारी परतणं तुम्हाला सोयीचं. हर्शीलाही बुधवारी शनिवारपेक्षा कमी गर्दी मिळेल.

सोमवारी सकाळी निघा, एडिसन ते स्ट्रासबर्ग साधारण सव्वादोन तास. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोल रस्त्यावर रोख टोलनाके नाहीत. ई-झेडपास (टोल आपोआप कापणारा पास) नसेल तर नंबरप्लेटवरून बिल घरी येतं आणि ते बरंच जास्त असतं, म्हणून पास गाडीत आहे ना ते बघा. मॉर्गनटाउनला टर्नपाइक सोडा. रूट ३० वर आउटलेट मॉलपाशी वाहनं खोळंबतात, शेवटचा टप्पा रूट ७४१ ने करा. घोडागाड्या रस्त्याच्या कडेने चालतात. चढावर किंवा वळणावर त्यांना मागे टाकू नका, आणि आमिश माणसांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, त्यांच्या धर्मात ते बसत नाही.

सोमवारी दुपारी म्युझियम (उन्हाच्या वेळी आत), मंगळवारी बाजारात न्याहारी करून सकाळची गाडी. दुपारी हर्शीकडे, तासाभराचा रस्ता, आणि संध्याकाळी प्रिव्ह्यू. बुधवार पूर्ण हर्शी. गुरुवारी कनोबल्स, हर्शीहून सव्वा तास, तिथून एडिसन अडीच-पावणेतीन तास.

खाणं: हर्शीपार्कात बाहेरचं जेवण नेऊ देत नाहीत. आत पिझ्झा, फ्राइज, प्रेट्झेल मिळतं, पण सासू-सासऱ्यांचं त्यावर दोन वेळा भागणार नाही. बर्फाच्या पेटीत पोळीचे रोल, दहीभात, चिरलेली काकडी गाडीत ठेवा आणि दुपारी बाहेर येऊन खा. परत आत जायला काय लागतं ते बाहेर पडण्याआधी दारावर विचारून घ्या. दहीभात बर्फाला चिकटून ठेवा, जुलैत बंद गाडीत तो दोन तासांत आंबतो. कनोबल्समध्ये डबा आत नेता येतो, बसायला टेबलं आहेत. हॅरिसबर्ग-मेकॅनिक्सबर्ग भागात भारतीय हॉटेलं आहेत, मंगळवारचं प्रिव्ह्यूआधीचं जेवण तिकडे उरका. हर्शीतल्या कुठल्याही हॉटेलात ‘व्हेज’ सूप सांगताना ते चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचारा.

---

मुक्ता_एडिसन

खूप आभार. डच वंडरलँड काढलं. आणखी दोन गोष्टी. गुरुवारी सासऱ्यांसाठी कनोबल्सच्या आसपास काही आहे का? आणि ते ईस्ट ब्रॉड टॉप या जुन्या छोट्या रेल्वेचंही नाव घेतायत, ते या चार दिवसांत बसेल का?

---

रूळवेडा

ईस्ट ब्रॉड टॉप या वेळी नको. ते रॉकहिल फर्नेसला आहे, हर्शीच्या पश्चिमेला बराच लांब, आणि तुमचा परतीचा रस्ता पूर्वेला. त्यासाठी वेगळा शनिवार-रविवार काढा, शक्य तर फक्त सासऱ्यांना घेऊन. तीन फुटी गेज (माथेरानची लाइन दोन फुटी), १९१६ चं बाल्डविनचं १६ नंबरचं इंजिन २०२३ मध्ये पुन्हा वाफेवर आलं. परळच्या वर्कशॉपमधल्या माणसाला इंजिनाहूनही तिथलं जुनं वर्कशॉप आवडेल: वर फिरणारा एक लांब दांडा, त्यावरून खाली येणारे चामडी पट्टे आणि त्या पट्ट्यांवर चालणारी लेथ आणि ड्रिलिंगची यंत्रं.

गुरुवारी मात्र ॲशलंडला पायोनियर टनेल घ्या, कनोबल्सपासून अर्ध्या तासाच्या आत. खाणीतल्या छोट्या गाडीत बसून डोंगराच्या पोटात जुन्या अँथ्रासाइट (कठीण) कोळशाच्या खाणीत नेतात, आणि बाहेर डोंगराच्या कडेने ‘हेन्री क्ले’ हे १९२७ चं लहान वाफेचं इंजिन गाडी ओढतं. दोन्हींची तिकिटं वेगळी. खाणीत बाराही महिने ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. बाहेर ३३ आणि आत ११, तेव्हा सासूबाईंची शाल आणि मुलांचे स्वेटर बॅगेत खाली दडपू नका, वर ठेवा. आत जमीन ओली असते, चपला नकोत. इंजिन दुरुस्तीला गेलेलं असू शकतं, म्हणून बुधवारी संध्याकाळी फोन करून दोन्ही चालू आहेत ना ते विचारा. सकाळी पहिली फेरी ॲशलंडला, मग साडेअकराच्या सुमारास कनोबल्स.

---

कोस्टरकाका

त्यात एक भर. कनोबल्सला राइडची तिकिटं सुरुवातीला थोडीच घ्या, कारण मुलगा कुठल्या राइडला घाबरेल हे आधी कळत नाही. मुलगी फीनिक्सवर पुन्हा पुन्हा बसणार असेल तर तिच्या एकटीसाठी दिवसभराच्या राइडचा मनगटी पट्टा त्या दिवशी मिळतो का ते विचारा आणि बाकीच्यांना सुटी तिकिटं. गर्दीत शोधाशोध नको, म्हणून आजी-आजोबांसाठी ग्रँड कॅरोसेलजवळचं बाक ठरवून टाका. तिथे सावली आहे, वाद्य वाजत असतं. स्वच्छतागृह कुठे आहे ते तिकीट घेतानाच विचारून घ्या.